दर दहा मिनिटांनी

"केबलवाल्याला फोन करा आणि मोकळे व्हा," असं बाई सोमवारी सकाळी म्हणाल्या. सरांनी त्याच क्षणी फोन उचलला असता तर ही गोष्ट घडलीच नसती. पण सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "करतो. आधी जरा चौकशी करतो."

बाईंनी हातातलं भरतकाम खाली ठेवलं. सरांची चौकशी काय असते हे त्या चाळीस वर्षं पाहत आल्या होत्या. छताचा पंखा घ्यायचा होता तेव्हा चौकशीत दोन उन्हाळे गेले होते.

सर म्हणजे कॉलेजात चौतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. आपण शिकवलं ते बरोबर होतं की नाही, ही शंका त्यांना अजूनही छळते. (एकदा त्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याला भर रस्त्यात थांबवून एक सूत्र दुरुस्त करून दिलं होतं. विद्यार्थी आता बेकरी चालवतो. त्याने आभार मानले आणि दोन पाव जास्त दिले.)

बाई मुलींच्या शाळेत भरतकाम शिकवायच्या. शाळेने तो विषयच बंद केला, तेव्हा बाईंनी निरोपाचं भाषणसुद्धा करू दिलं नाही कुणाला. चार वर्षं गप्प होत्या. आणि आता, ठिकठिकाणी पांगलेल्या सव्वीस जुन्या विद्यार्थिनींनी त्यांना गळ घातली होती, की बाई, मोबाइलवरून शिकवा. पहिला वर्ग तीन आठवड्यांनी, शनिवारी अकराला. त्यासाठी घरात नेट हवं होतं. मोबाइलचं नेट त्यांच्या घरात फक्त मोरीच्या खिडकीपाशी यायचं, आणि मोरीत उभं राहून साखळी टाका शिकवता येत नाही.

"हा वर्ग मोडला ना," बाई म्हणाल्या, "तर मी पुन्हा कुणाला शिकवायला बसणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"म्हणूनच चौकशी," सर म्हणाले.

गावात नेट देणारे तिघे. एक केबलवाला, एक चौकातली टॉवरवाली कंपनी आणि एक जुनं टेलिफोन ऑफिस. सरांनी वही घेतली, रकाने आखले आणि घरोघरी निघाले. तिसऱ्या दिवशी गल्लीत बातमी पसरली की सर निवडणुकीला उभे राहतायत. शिंप्याने तर पाण्याच्या नळाची तक्रारही लिहून दिली.

न्हाव्याच्या दुकानात सरांनी विचारलं, "तुमचं नेट कसं आहे?"

"चालतं तेव्हा झकास चालतं."

"आणि चालत नाही तेव्हा?"

"तेव्हा मी दाढ्या करतो."

सरांनी लिहिलं: उत्तर मोजता येण्याजोगं नाही.

सरांच्या घराच्या भिंतीला लागूनच दुकान असलेला औषधवाला म्हणाला, "सर, वेगबिग मला काही कळत नाही. घेतलं त्या दिवसापासून चालू आहे, मी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही."

"कोणाकडून घेतलंय?"

"त्याची पावती कुठे असेल बरं..." तो खोक्यात शोधू लागला. सरांनी त्याच्या नावापुढे फुली मारली. असा बेफिकीर माणूस नमुन्यात घेणं शास्त्राला धरून नव्हतं.

दोन आठवडे गेले. एकोणीस घरं झाली. एकोणीसवरून निष्कर्ष काढावा की न काढावा, या विचारात आणखी तीन दिवस गेले. शेवटी बाईंनी जेवताना शांतपणे सांगितलं, "बुधवारपर्यंत नेट आलं नाही तर मी माहेरी जाऊन वर्ग घेईन." बाईंच्या माहेरी आता फक्त त्यांची वहिनी होती आणि तिचं-बाईंचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, तेव्हा धमकीचं वजन सरांना कळलं.

त्यांनी केबलवाल्याला फोन केला. म्हणजे बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलेलंच केलं. (फरक इतकाच की आता त्यामागे अठ्ठेचाळीस पानं होती.)

केबलवाला पन्नाशीचा, मोटारसायकलवर शिडी बांधून फिरणारा माणूस. तो म्हणाला, "सर, दोन प्लॅन आहेत. एक बिनकोट्याचा. दुसरा शंभर जीबीचा. शंभर संपेपर्यंत पूर्ण वेग, मग महिना संपेपर्यंत बैलगाडी."

सरांनी घराचा महिन्याचा वापर काढला. आठवड्याला दोन वर्ग, लेकीशी रविवारचं बोलणं, बाईंचे भरतकामाचे व्हिडिओ. चौदा जीबी. त्याला धोका नको म्हणून तिनाने गुणलं. बेचाळीस. "शंभर संपणं गणिताने अशक्य आहे," ते म्हणाले. गणित अचूक होतं. फक्त घरातल्या एका माणसाचा वापर त्यात धरायचा राहिला होता.

बुधवारी दुपारी चारला दिवा हिरवा झाला. सरांनी मोबाइलवर वेग मोजला. सत्याण्णव. त्यांना आनंद झाला. पण एका मोजमापावर विश्वास कसा ठेवायचा? परत मोजला. एक्याण्णव. आनंद गेला.

तिथून पुढे दर दहा मिनिटांनी वेग मोजला जाऊ लागला. प्रत्येक वेळी तिन्हीकडे: बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर. प्रत्येक मोजमापाचा आलेखाच्या कागदावर एक ठिपका. सकाळी सातपासून रात्री नऊला अंथरुणावर पडेपर्यंत. कागद कपाटाच्या दारावर चिकटवला, तो पुरेना म्हणून खाली दुसरा जोडला. बाई कणीक मळत असल्या तरी सर त्यांच्या कोपराखालून मोबाइल पुढे करत.

"अहो, स्वयंपाकघरात मी नेट वापरणार नाहीये."

"तुलना लागते."

"मग मला जरा सराव करून बघू दे. कॅमेऱ्यात सुई दिसते का ते तरी कळेल."

"आत्ता नको. मध्येच कुणी वापरलं तर आकडे बिघडतील."

केबलवाल्यालाही शांतता नव्हती. "काल संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी ब्याऐंशी होता," सर फोनवर सांगत.

"काही अडलं का सर?"

"अडलं नाही. पण ब्याऐंशी होता."

"सर, चहा घ्या," एवढं बोलून केबलवाला फोन ठेवी.

शनिवार उजाडला. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली, गोल चौकट, रेशमाच्या लडी, सुया, सगळं टेबलावर मांडलं. सुईत दोरा तिसऱ्या प्रयत्नात ओवला गेला. एरवी तो पहिल्या फटक्यात जाई. अकराला पडद्यावर सव्वीस चेहरे जमले आणि "नमस्ते बाई" असा शाळेतला सूर निघाला. अकराचं मोजमाप सरांनी मोठ्या मनाने सोडून दिलं.

अकरा वाजून आठ मिनिटांनी बाईंचा हात सुईसकट हवेत गोठला. खऱ्या बाईंचा नव्हे, पडद्यावरच्या. मग सव्वीस चेहरे गोठले, कुणाचं तोंड उघडं, कुणाचे डोळे मिटलेले. मग गोल गोल फिरणारं चक्र.

सर गॅलरीत धावले आणि केबलवाल्याला फोन लावला. आवाजात काळजी होती आणि (खोटं कशाला बोला) थोडासा विजयही होता. "मी सांगत होतो की नाही? तीन दिवसांचा पुरावा आहे माझ्याकडे."

केबलवाला दहा मिनिटांत आला. आपल्या मोबाइलवर बघून म्हणाला, "सर, कोटा संपलाय."

"शक्य नाही. आमचा वापर चौदा."

"काल एका दिवसात अडतीस गेले. परवाही अडतीस."

सरांचा चेहरा उतरला. मग अचानक उजळला. "चोरी," ते हळूच म्हणाले. "भिंतीपलीकडे कोण आहे? म्हणे मी बघतसुद्धा नाही. त्याला बघायची गरजच नाही."

आयुष्यात सरांनी कुणाशी भांडण केलेलं नव्हतं. पण बाईंचा वर्ग बुडाला होता. ते चपला न घालता औषधवाल्याच्या दुकानात शिरले आणि म्हणाले, "तुम्ही आमचं नेट वापरताय."

"हळू बोला सर," औषधवाला कुजबुजला. "काकू शिकवतायत."

काउंटरच्या टोकाला, खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांना मोबाइल टेकवून बाई बसल्या होत्या. सुई सळसळत होती. सव्वीस चेहरे हलत होते. शिवाय चार गिऱ्हाइकं औषध घ्यायचं विसरून बघत उभी होती, आणि त्यातल्या एका आजोबांनी शंकाही विचारली होती.

"तू इथे कधी आलीस?" सर म्हणाले.

"तुम्ही गॅलरीत पुरावा देत होतात तेव्हा," बाई नजर वर न करता म्हणाल्या. "मुलींनो, दोरा सैल धरा."

एवढ्यात केबलवाला कपाटावरचा कागद हातात घेऊन आला. "सर, हे ठिपके कसले?"

"वेगाची मोजमापं."

"एकदा वेग मोजला की दीडशे एमबी जातात, सर."

सरांनी ठिपके मोजले. संख्याशास्त्राच्या माणसाला मोजल्यावाचून राहवत नाही, फाशीचे फास असले तरी. सहाशे सहासष्ट. गुणिले दीडशे, म्हणजे नव्याण्णव हजार नऊशे एमबी. शंभर जीबीमधले राहिले शंभर एमबी, तेवढे बाईंच्या वाट्याला आले होते. आठ मिनिटं.

"कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं," केबलवाला म्हणाला.

पडद्यावरून एक आवाज आला, "बाई, सरांना आमचा नमस्कार सांगा." मग पंचवीस जणी हसल्या. बाई हसल्या नाहीत, पण पुढचा दोरा त्यांनी पहिल्या फटक्यात ओवला. वर्ग साडेबाराला संपणार होता, तो दीडला संपला, आणि पुढच्या वर्गाला आणखी नऊ जणी येणार असं ठरलं.

घरी आल्यावर सरांनी औषधवाल्याची दोनदा माफी मागून झाल्याचं सांगितलं आणि तिसऱ्यांदा मागावी का, असं विचारलं. बाईंनी केबलवाल्याला बिनकोट्याचा प्लॅन लावायला सांगितला आणि त्याला बाजूला नेऊन पासवर्ड स्वतः टाकला. तो अजून कुणाला माहीत नाही.

आता घरातलं नेट उत्तम चालतं, असं बाई म्हणतात. सरांना त्यावर विश्वास ठेवावा लागतो. नमुना एकच आहे, पडताळणीला वाव नाही, आणि ज्या व्यक्तीने माहिती दिली ती त्यांच्यावर अजून चिडलेली आहे.