पहिला उपसा

नंदाखाल गावातल्या त्या विहिरीला हिस्सेदार चार आणि पंप एक. उन्हाळा लागला की सकाळच्या पहिल्या उपशालाच काय ते गोडं पाणी येई, नंतर सगळं मचूळ. पहिला पंप कोणी लावायचा यावरून रोज तोंडं वाजत. मचूळ पाण्याने शांतारामांची पानवेल करपू लागली, तसा त्यांचा मुलगा जितेंद्र पुढे सरसावला. अंधेरीच्या कंपनीत माल कोणाकडून घ्यायचा हे तो गुणांवर चालणारं निर्णयाचं मॉडेल मांडून ठरवत असे. विहीर ती काय मोठी, असं त्याला वाटलं.

रविवारी त्याने सगळ्यांना ओटीवर बोलावून लॅपटॉप उघडला.

“प्रत्येक घराने बाकीच्या तीन घरांना गुण द्यायचे. गरज किती, झाडं किती, सगळं बघून. ज्याला जास्त गुण, त्याचा पहिला पंप. स्वतःला द्यायचे नाहीत, म्हणजे लबाडीचा प्रश्नच नाही.”

“आनि कम्प्युटर सांगंल ते ऐकायचं?” केळीची वाडी असलेल्या आशालताकाकींनी विचारलं. “रिचर्डनं पन?”

“मी ऐकेन,” सोनचाफावाले रिचर्डकाका म्हणाले. “शांताराम ऐकतो का ते बघा.”

चौथे हिस्सेदार पास्कल वर्षानुवर्षं कुवेतला होते. घराला कुलूप, वाडीत नुसतं गवत. पण हिस्सा तो हिस्सा, म्हणून जितेंद्रने त्यांचंही नाव घातलं. पानवेल सगळ्यांत नाजूक, तेव्हा लोक मनाला स्मरून गुण देतील अशी त्याची खात्री होती.

लोकांनी मनाला स्मरूनच गुण दिले. तिघांनी एकमेकांना शून्य आणि पास्कलला पैकीच्या पैकी.

“बाबा, त्यांच्या वाडीत एक झाड नाहीये.”

“मानूस चांगला हाय,” शांताराम म्हणाले. “इतक्या वर्सांत एका शब्दानं भांडला नाय.”

पुन्हा गुण द्यायला कोणी तयार होईना. दुसऱ्या दोघांना मिळालं नाही, यातच प्रत्येकाला आनंद होता. पास्कलला सोडून पुढच्या नंबराला द्यावं, तर पुढची तिघंही शून्यावर. शेवटी सोमवारपासून गोडं पाणी पास्कलच्या गवताला जाऊ लागलं. मध्येच कोणी पाइप वळवू नये म्हणून तिघंही पहाटे कुंपणाशी राखणीला उभी राहत. मचूळ पाण्यासाठी भांडायला कोणालाच हुरूप नव्हता, त्यामुळे तंटा मिटला आणि जितेंद्रच्या हुशारीचं गावभर कौतुक झालं.

गवत कमरेला लागलं, पानवेल मात्र पिवळी पडत गेली. रोज संध्याकाळी गळलेली पानं वेचणारे वडील जितेंद्रला बघवेनात. पास्कलकाकांनी आपला मान बाबांना दिला की काम झालं, असं ठरवून त्याने कुवेतला फोन लावला आणि आधी गुणांची हकिगत सांगितली.



“शांतारामनं मला दिलं?” पास्कल हळूच म्हणाले. “रिचर्डनं पन? मला वाटलेलं, गावात माझी आठवन काढनारं कोनी उरलं नाय. इथलं सगळं आवरतो मी. पुढच्याच महिन्यात येतो, केळी लावतो.”

आता पानवेलीचं काढायचं कोणत्या तोंडाने, जितेंद्रला कळेना. बरं म्हणून त्याने फोन ठेवला.

“काय म्हनला?” शांतारामांनी विचारलं.

“येतायत. कायमचे. तुम्ही सगळ्यांनी इतक्या प्रेमाने गुण दिलेत म्हणून.”

शांताराम हातातल्या पिवळ्या पानाकडे बघत राहिले.

“तो यायचा नाय म्हनून तर दिले होते,” ते म्हणाले.