सुगेंगच्या अंगणात मी बोललो

मित्राला मोठी रक्कम उसनी कशी द्यावी हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं वोनोसारीजवळच्या आमच्या गावात यावं आणि पुर्नोमो कारकुनाचं घर विचारावं. लोक पैसे देतात आणि मग देवाचा धावा करतात. मी आधी सही घेतो!

सुगेंग माझा लहानपणापासूनचा दोस्त, टोफू बनवून विकणारा. त्याला जुना टेम्पो घ्यायचा होता आणि पाच कोटी रुपिया कमी पडत होते. दचकू नका, आमच्याकडे एवढ्यात दोन धडधाकट गाई येतात आणि तिसरीचं शेपूट. पण आमच्यासाठी ती रक्कम लहान नव्हती. माझं आणि माझ्या बायकोचं, लास्त्रीचं नाव हजच्या रांगेत घालायला ती साठवली होती. रांग पंचवीस वर्षांची, आणि आम्ही दोघंही पन्नाशीपुढचे.

"आधी रांगेत उभे राहू, मग काय तो दानधर्म कर," लास्त्री म्हणाली.

"दान कुठलं? उसने आहेत. रोजे सुरू व्हायच्या आत परत. मी काय कच्चा आहे?"

मी कागद केला. तिकीट लावलं, तिकिटावरून आरपार सही घेतली, दोन साक्षीदार बसवले, त्याच्या बायकोचीही सही घेतली. शिवाय टेम्पोच्या मालकीचं पुस्तक माझ्या कपाटात ठेवून घेतलं.

"अरे, माझ्या लग्नात एवढ्या सह्या नव्हत्या," सुगेंग हसत म्हणाला.

दोन महिन्यांत टेम्पो घाटातून दरीत गेला. सुगेंगसकट. मालकीचं पुस्तक तेवढं सुखरूप राहिलं.

मी खूप रडलो. रडता रडता हिशेबही करत होतो, तेही खरं.

आमच्याकडे मयत अंगणातून उचलायच्या आधी घरच्यांच्या वतीनं एकजण उभा राहतो. गेलेल्याला माफ करा म्हणतो, आणि कुणाचं देणं राहिलं असेल तर अमक्याला भेटा, असं सांगतो. देणं डोक्यावर घेऊन गेलेल्याचा जीव अडकतो म्हणतात. हे काम भावाचं, पण सुगेंगला भाऊ नव्हता.

"भावजी, तुम्हीच बोला," त्याची बायको तुमिनी म्हणाली.

माझं कारकुनी डोकं चाललं. वहिनींना भेटा म्हणालो, तर सगळे तिच्या दारात धावणार आणि माझ्या वाट्याला टेम्पोची चाकंसुद्धा यायची नाहीत. त्यापेक्षा सगळे माझ्याकडे आले, तर कोण किती मागतोय ते कळेल आणि मला यादीत माझं नाव सगळ्यांत वर घालता येईल. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "सुगेंगकडून कुणाचं काही येणं असेल, तर वहिनींना त्रास देऊ नका. माझ्याकडे या."

मग प्रार्थना सांगणारे मोदीनकाका उठले आणि त्यांनी मला मिठी मारली.

"ऐकलंत ना? पुर्नोमोनं मित्राचं कर्ज स्वतःच्या अंगावर घेतलं. सुगेंग मोकळा झाला."

"काका, तसं नाही, मी फक्त..."

"बोलून दाखवू नकोस. पुण्य कमी होतं."

सगळे आमीन म्हणाले आणि जनाजा उठला. चालता चालता मी पुन्हा काकांच्या कानाशी लागलो. "काका, मी नुसती नोंद करणार होतो हो."

"खांदा नीट दे," काका म्हणाले.

आमच्या लोकांत तोंड उघडून पैसे मागणं म्हणजे असभ्यपणाची कमाल. त्यामुळे आधी सोयाबीनचा व्यापारी आला, तो केळ्यांचा घड घेऊन. माझे गुडघे, विहिरीचं पाणी, लास्त्रीची तब्येत, सगळी चौकशी झाली. तीन चहा झाले. फाटकाशी जाऊन तो हळूच म्हणाला, "सुगेंगकडचे ते ऐंशी लाख... घाई मुळीच नाही हं." मग टायरवाला आला, तोही केळी घेऊन. मग पतपेढीतल्या बाई.

लास्त्री केळी तळत होती. "एवढी महाग केळी मी जन्मात खाल्ली नाहीत," ती म्हणाली. "जा, शब्द फिरवून ये."

"मयतासमोर दिलेला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही आमची एकुलती एक गाय बाजारात नेली. परत येताना लास्त्री एवढंच म्हणाली, "मक्का कुठं जात नाही रे. आपणच नसू."

सातव्या दिवसाच्या प्रार्थनेचं जेवण घेऊन तुमिनी आमच्याकडे आली. तिला दाखवायला कागद मी खिशात तयार ठेवला होता.

"भावजी, हे माझ्या स्वप्नात आले होते. हसत होते."

"हसणारच," मी म्हणालो. कागद खिशातच राहिला.

आता गावात माझं नाव फार मोठं झालं आहे. गेल्या आठवड्यात वोंगसो आजोबांनी मला बोलावून घेतलं. वय ऐंशीच्या पुढं, छातीत कायमची घरघर, आणि अर्ध्या बाजाराचं देणं डोक्यावर. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "माझी पोरं नालायक निघाली. माझ्या वेळी अंगणात तूच बोल, बाळा."

शेजारी मोदीनकाका कौतुकानं मान डोलावत बसले होते. थोरामोठ्यांना नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही.

तेव्हापासून मी रोज सकाळी आजोबांकडे जातो. गोळ्या घेतल्या का बघतो, छातीला तेल चोळतो, आल्याचा काढा समोर बसून पाजतो. पोटच्या पोरांना जमलं नाही ते पुर्नोमो करतो, असं लोक म्हणतात. काल त्यांना दोन शिंका आल्या. मी त्यांना तसाच उचलून दवाखान्यात घेऊन गेलो.