सहा-सहाने वाढणारी टोपी

"विणकाम म्हणजे दुसरं काय? लोकरीतलं गणित!" मास्तरांनी बायकोच्या फोटोला ठणकावून सांगितलं. जन्मभर गणित शिकवलेला माणूस! 'उत्तर आलं ना? मग पेन खाली!' हे त्यांचं वाक्य अख्ख्या शाळेला पाठ होतं.

मास्तरीणबाई जाऊन फार दिवस झाले नव्हते. नातवासाठी विणायला घेतलेली पिवळी टोपी क्रोशाच्या सुईसकट टोपलीत तशीच पडली होती. तिच्याकडे बघवत नव्हतं. पण रविवारी लेक बाळाला घेऊन येणार, आणि आजीची टोपी त्याच्या डोक्यावर चढलीच पाहिजे, असं मास्तरांनी मनावर घेतलं. दवाखान्यात वेळ जावा म्हणून बाईंनी त्यांना टाका शिकवला होता. एकच.

आधी त्यांनी टोपी तपासली. मधोमध सहा टाके, मग बारा, मग अठरा... वा! पण पुढे एकाएकी वाढ बंद! उरलेल्या सगळ्या फेऱ्या सारख्याच!

"आजारपणात बिचारीची मोजणी चुकली गं," ते फोटोला म्हणाले. त्यांनी त्या फेऱ्या उसवल्या आणि नियमाने पुढे निघाले.

टोपी ताटासारखी पसरत चालली. आकार धरेना, म्हणून मास्तरांनी टाके दुप्पट केले. मग तिला फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या झालरी फुटल्या! लोकर संपली. दुकानदार म्हणाला, "मास्तर, बाळाचं डोकं केवढं आहे हो?"

"नियम बरोबर असला की डोकं बसतं! तुम्ही गुंडे द्या!"

रविवारी लेक दारातच थबकली. "बाबा, हे काय?"

"आईची टोपी. चूक सुधारून."

"कसली चूक?"

"वाढ थांबली होती."

"थांबणारच ना, बाबा! वाढ थांबवली की टोपी कानांवर उतरते." तिने तो पिवळा ढीग मांडीवर घेतला. तिला हसू येत होतं आणि रडूही आवरत नव्हतं. "आई फोनवर म्हणाली होती, टोपी झालीये. शेवटची गाठ तेवढी तुम्हाला शिकवून तुमच्याकडूनच मारून घेणार होती. उत्तर आलं होतं, बाबा. पेन खाली ठेवायचं होतं!"

 बाळाने एक झालर ओढून तोंडात घातली आणि खुशाल चघळायला लागलं.

"राहू दे आता," लेक डोळे पुसत म्हणाली. "गाठ मारून टाका."

मास्तरांनी सुई उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि सवयीने फोटोकडे पाहिलं. टाका घालायचा कसा, एवढंच त्यांना येत होतं. थांबायचं कसं, ते तिला विचारायचंच राहून गेलं होतं.