फक्कीने आखलेलं स्वयंपाकघर

विलासच्या इमारतीत घर मिळणाऱ्या प्रत्येक बाईने तिथे आधी चपात्या लाटलेल्या असतात. म्हणजे घर अजून नसतंच, नुसती सपाट केलेली जमीन असते. विलास त्या जमिनीवर पांढऱ्या फक्कीने स्वयंपाकघरं आखतो, ओट्याच्या उंचीचं टेबल मांडतो आणि बायकांच्या हातात लाटणं देतो. "कोपर लागलं की सांगायचं, वहिनी. नंतर भिंत सरकत नाही."

करी रोडच्या आमच्या चाळीचा पुनर्विकास त्याने घेतला, तेव्हा माझी आईही अशी उन्हात लाटायला उभी राहिली. समोरच्या टॉवरमधले लोक मोबाइलवर शूटिंग करत होते. आई म्हणाली, "लागता रे." विलासने पायाने फक्की पुसली आणि भिंत वीतभर पलीकडे घेतली. आर्किटेक्ट बाजूला जाऊन पाणी प्यायला.

मीही सिव्हिल इंजिनीअर आहे. मोठ्या कंपनीत आहे, टॉवर बांधतो. त्यांत राहणाऱ्या एकालाही माझं नाव माहीत नाही. विलासला दहावीत माझ्यापेक्षा कमी मार्क होते आणि गणित त्याला मीच शिकवलं, हे इथे मुद्दाम नमूद करतो. तो साइटवर सुपरवायझर म्हणून लागला. मग कुणी हात लावत नव्हतं अशी भोईवाड्यातली एक मोडकी इमारत त्याने घेतली, नवी बांधली आणि जुने भाडेकरू सगळेच्या सगळे परत आणून बसवले. तेव्हापासून लालबागमधून चालताना त्याला दर दुकानाशी थांबवतात. मी बाजूला पिशवी धरून उभा राहतो.

त्याचं वेड एकच, माणूस इथून जाता कामा नये. कुणी नवं घर विकून विरारला जायचं म्हणालं, की हा त्याच्याकडे जाऊन बसतो. चहा घेतो, जेवतो, पण उठत नाही. "तिकडे आजारी पडलास तर शेजारी दार वाजवेल काय?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारतो. शेवटी घरचे कंटाळून बेत रद्द करतात. मी याला नाटक म्हणतो. माझी बायको माणुसकी म्हणते. माझा टॉवर पाहून ती म्हणाली होती, "लिफ्ट छान आहे."

आमच्या इमारतीच्या चाव्या वाटल्या, त्या संध्याकाळी आई वर नव्या घरात स्वयंपाकाला लागली. मी खाली आलो, तर विलास एकटाच कार्यक्रमाच्या खुर्च्या रचत होता.

"तुझा मजला कुठला?" मी विचारलं. सगळ्यात वरचा असणार, हे धरून मी जळायची तयारी करूनच आलो होतो.

"माझा नाही."

"म्हणजे?"

"अरे, आमची खोली कुठे होती इथे?"

खरंच नव्हती. त्याची आई गेल्यावर वडील त्याला गावाहून घेऊन आले. ते खानावळीत जेवायचे आणि इतर गिरणी कामगारांबरोबर एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे. विलास आमच्या दाराबाहेर गॅलरीत झोपायचा.

"विक्रीच्या घरांतलं एक ठेवायचंस."

"ठेवून काय करू? एकटा माणूस. त्या बाजूला सगळे बाहेरचे येणार, मला कोण ओळखतं? भाड्याची खोली आहे, चालतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकीला विचारशील काय? संध्याकाळचा कधीमधी येऊन बसलो तर चालेल? मला विचारायला कसंतरी वाटतं."

मी त्याला वर घेऊन गेलो. चपला काढून तो दारातच थांबला.

"आई, विलास विचारतोय, संध्याकाळचा येऊन बसला तर चालेल का."

आईने मागे वळूनही पाहिलं नाही. "विचारतंस कित्याक? हात धुवन ये."

तिने त्याचं ताट आधी वाढलं. बांगड्याचा मधला तुकडा त्याला दिला. मला शेपटीकडचा आला. बायको माझ्याकडे बघत होती. मी काटे काढायला घेतले. विलास मान खाली घालून जेवत होता. त्याच्या ताटात पुन्हा भात वाढताना आईने विचारलं, "उद्या काय रांधू?" मला नाही, त्याला.