जयाआत्तीचा मांडा आणि मुंबईचा सूर्य

निपाणी सोडल्यापासून चंदनाक्का धाकट्या भावाला एकच गोष्ट बजावत होती.

"अभि, त्या घरात ग्रह-तारे काढायचे न्हाईत. पैलवान हाईस, पैलवानासारखा बस."

"आणि त्यांनी इचारलं तर?"

"मुलगी बघाय आलेल्या माणसाला कोण गुरू-शनी इचारतंय रं?"

अभिनंदनने मान डोलावली. कुस्तीत मोडलेले कान, भरघोस मिशा, दारातून आत येताना दार भरून टाकणारे खांदे. तंबाखूच्या वखारीत हा नुसता खाकरला तरी हमाल बोलायचे थांबत. आणि हाच माणूस घरी स्वतःच्या हाताने आरसा घासून दुर्बीण बनवतो, गच्चीवर मांडी घालून गुरूचे चंद्र बघतो आणि खुशीत येऊन टाळ्या पिटतो, हे सांगून कुणाला पटलं असतं? चिकोडीच्या स्थळाला ते पटलं, पण भलत्याच रीतीने. "आत्ता शनी बरोबर तुमच्या घरावर आलाय, लई झकास दिसतोय," असं त्याने मुलीच्या आईला आनंदाने सांगितलं. त्या माउलीने चहाचे भरलेले कप तसेच आत नेले.

त्यानंतरही दोन स्थळं अशीच हुकली. आई क्षमाबाईंनी तर धसकाच घेतला. या वेळी मात्र अभिनंदनला स्वतःलाच हे स्थळ हवं होतं. त्रिशलाचा फोटो बघून तो पहिल्यांदा स्वतःहून "जाऊया की" म्हणाला होता. जमलं तर दुर्बीण माळ्यावर टाकायची, असंही त्याने जड मनाने ठरवलं होतं.

आक्काने मात्र नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. ताऱ्यांचं ॲप आहे म्हणून त्याचा मोबाईल तिने आपल्या पर्समध्ये टाकला. मनगटावरचं रबरी घड्याळ काढून नवऱ्याचं सोनेरी घड्याळ चढवलं. ते बंद होतं, पण चमकत होतं छान.

हायवेच्या कामात गाडी अशी अडकली, की बेळगावात शहापूरच्या बोळात शिरेपर्यंत दिवस कलला होता. आभाळ तर गच्च भरलेलं, सूर्य कुठं आहे याचा पत्ता नाही. मुलीचे वडील नेमगोंडा, साड्यांचे व्यापारी, दारातच हात जोडून उभे होते.

"जय जिनेंद्र! बघणं-बिघणं मागनं. आधी पानावर बसा. दिवस बुडाय आलाय."

जैनाचं घर. सूर्य मावळला की चूल बंद. पाहुणे उपाशी गेले तर सोयरिकीत पहिलाच घास कडू. त्यात नेमगोंडांच्या थोरल्या बहिणीचं, जयाआत्तीचं, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेण्याचं व्रत. लहान वयात घेतलेलं, आजवर न मोडलेलं.

"वेळ हाय की गं आक्का," नेमगोंडांनी बहिणीला भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. "सव्वासातला सूर्यास्त. घड्याळात आत्ता सात वाजून गेल्यात. बसा निवांत."

पानावर मांडे आले, लाडू आले, दूध आलं, तूप आलं. अभिनंदनने एकदा कॅलेंडर बघितलं, एकदा भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि हातातला घास पानावर ठेवला. कॅलेंडर मुंबईत छापलेलं. वेळ मुंबईची. जून महिन्यात बेळगावात सूर्य मुंबईच्या चांगला दहा-बारा मिनिटं आधी मावळतो! म्हणजे तो मावळला होता.

समोर जयाआत्तीने मांडा दुधात बुडवला.

बोललो तर लग्न गेलं. नाही बोललो तर म्हातारीचं आयुष्यभराचं व्रत गेलं, आणि ते फक्त मला माहीत. अभिनंदनने आक्काकडे बघितलं. आक्काने डोळे वटारले. आत्तीने घास उचलला.

"आत्ती, थांबा!"

वखारीतला आवाज तो. वाढप्याच्या हातातली तुपाची वाटी कलंडली.

"सूर्य बुडला ओ. ती वेळ मुंबईची हाय. आपण त्यांच्या पूर्वेला, दक्षिणेला, म्हणून..." आणि गडी जो सुटला तो सुटलाच. पळीची पृथ्वी झाली, लाडवाचा सूर्य झाला, घरच्या दुर्बिणीचंही नाव निघालं.

आत्तीने घास खाली ठेवला. "म्हंजे इतकी वर्सं मी बुडल्यावरच जेवत आली व्हय रं?" तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"पावणं," नेमगोंडा लालबुंद झाले, "घरची लक्ष्मी रडवाय आलासा व्हय?"

क्षमाबाईंनी कपाळाला हात लावला. चंदनाक्का पर्स उचलून उभीच राहिली. अभिनंदनच्या हातातला सूर्य ताटात पडला.

"त्यांचं बरोबर हाय."

स्वयंपाकघराच्या दारात त्रिशला उभी होती. स्थळ सांगून आलं तेव्हा मध्यस्थाने 'मुलगी अगदी शांत, मान वर करून बोलत नाही' असं सांगितलं होतं.

"कॅलेंडर चुकीचंच हाय हितल्यासाठी. पण आत्ती, तू कधीच उशिरा जेवली न्हाईस. मी घड्याळ पुढं करून ठेवलंय. पंधरा मिनिटं. शाळेत असल्यापास्नं."

"म्हणून बातम्या रोज उशिरा लागत्यात व्हय गं?" आत्ती म्हणाली.

"मग तोंडानं सांगायचं न्हाय?" नेमगोंडा ओरडले.

"सांगितलं हुतं. 'पोरीच्या जातीनं कॅलेंडरला शिकवू न्हाय' म्हणालासा."

चंदनाक्काने घाईघाईने पर्समधून मोबाईल काढला. सातला अजून दहा मिनिटं होती.

"म्हंजे दिवस हाय!" अभिनंदन ओरडला. "आत्ती, जेवा! पटापट जेवा!"

मग जे जेवण झालं ते सोयरिकीचं नव्हतं, शर्यतीचं होतं. कोणी कोणाला आग्रह केला नाही. आत्तीने शेवटचा घोट पाणी पिऊन हात जोडले, "सुटले बाई," म्हणाली आणि अभिनंदनच्या गालावरून हात फिरवला. "माझ्यासाठी लग्नावर पाणी सोडाय निघालता ह्यो. नेमू, असला पोरगा सोडू नगंस." नेमगोंडांनी पानसुपारीचं तबक पुढे केलं.

दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं. अभिनंदन सवयीने ढगांत फट शोधू लागला.

"दुर्बीण केवढी हाय?" त्रिशलानेच विचारलं.

"आठ इंची. पण मी ती माळ्यावर..."

"टाकून तर बघा! मी होकार देते का न्हाय ते त्यावरच हाय."

अभिनंदन इतका मोकळा हसला, की खालच्या बोळातली दोन माणसं वर बघू लागली.

"आणिक काय लपवलंयसा?" तिने विचारलं.

त्याने मिशीवरून हात फिरवला. "सिनेमात कुणी रडलं की मला बी रडू येतंय. लई येतंय."

"मला तर कधीच येत न्हाय."

"मग?"

"मग काय? रुमाल मी आणीन," त्रिशला म्हणाली.

खाली बैठकीत चंदनाक्का रंगात येऊन सगळ्यांना सांगत होती, "आमचा अभि म्हंजे लई कडक माणूस बरं का!"