पपईवरचं हिरवं पिल्लू

कदमकाका आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कार करायच्या आधी त्यांनी आमच्या फाटकाची रुंदी मोजली. मोजणी खात्यातून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, खिशातली टेप मात्र अजून नोकरीत होती. "साडेतीन फुटाला अर्धा इंच कमी हाय," असं त्यांनी सांगितलं आणि मगच, आपण शेजारी राहतो, ही ओळख दिली.

बीड बायपासजवळच्या आमच्या कॉलनीत कुणी काहीही सांगितलं की काकांचं उत्तर ठरलेलं. "पंचनामा करू, मग बोलू." पंचनाम्याला दोन पंच लागतात, एकट्याचं पाहणं ते धरत नाहीत. काकूंनी एकदा आमटी खारट झाल्याचं आपणहून कबूल केलं, तरी हे वाटी घेऊन माझ्याकडे आले, दुसऱ्या पंचाची चव घ्यायला.

मला त्यांचं हसू यायचं. माझ्या वडिलांना, अण्णांना, पैठणहून माझ्याकडे आणलं, तोपर्यंत.

आई जानेवारीत गेली. अण्णांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं. आता ते मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवा म्हटलं की जेवायचे. पेपर घडी न मोडता परत द्यायचे. मी वाळूजला कामावर निघायची तेव्हा जिथं बसलेले असायचे, संध्याकाळी तिथंच.

मार्चअखेरीच्या एका सकाळी अंगणातल्या पपईवर एक अनोळखी पिल्लू येऊन बसलं. चिमणीएवढं, हिरवं, मान आखूड, जाड चोचीच्या मुळाशी मिशा, पोटावर फिकट रेघा. हे कशाचं पिल्लू, असं मी कुंपणावरून काकांना विचारलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, घरात जाऊन काकूंशी काही बोलले, आणि चपला घालून थेट आमच्या मागच्या खोलीत गेले.

"मास्तर, चला. एक पंच कमी पडतोय."

अण्णांनी नको म्हणून हात हलवला. काकांनी अंगणात खुर्ची नेऊन ठेवली आणि परत येऊन दारात उभे राहिले. बोलले नाहीत, हललेही नाहीत. दहा मिनिटांनी अण्णांनाच अवघडल्यासारखं झालं. ते उठले.

पहिल्या दिवशी काकांनी पोपटाचं पिल्लू असल्याचा निकाल दिला. अण्णा गप्प. दुसऱ्या दिवशी ते वेडा राघू ठरलं. अण्णा गप्पच, पण मान हलली. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, कोंबडीचं असंल, चुकून उडायला शिकलेलं.

"कदम," अण्णा म्हणाले, "तुम्ही लोकांच्या जमिनी अशाच मोजल्या का?"

दोन महिन्यांत त्यांनी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

मग रोज साडेसहाला दोन खुर्च्या पडू लागल्या. अण्णांनी माझ्याकडून वही मागून घेतली. पिल्लू किती वाजता आलं, काय खाल्लं, सगळं लिहू लागले, आणि काका त्यातल्या प्रत्येक ओळीला हरकत घेऊ लागले. एकदा तर काका पिल्लाची लांबी घ्यायला टेप काढून स्टुलावर चढले. पिल्लू शेजारच्या पानावर जाऊन बसलं. काकांनी स्टूल तिकडं सरकवलं, तर ते पुन्हा पहिल्या जागी. अण्णा मोठ्यानं हसले. मी ओट्याशी उभी होते. चहा उतू गेला, गॅसवर पसरला, मला पुसायचं सुचलं नाही.

बाराव्या दिवशी पलीकडच्या उंबरावरून टुक टुक असा आवाज आला आणि कपाळावर लाल ठिपका असलेला पक्षी पपईवर उतरला. त्यानं पिल्लाच्या चोचीत फळ भरवलं.

"तांबट," अण्णा उभेच राहिले. "कदम, हा तांबट आहे."

"मग पोराचं कपाळ लाल कुठंय? अजून चार दिस बघावं लागंल."

तो लाल रंग मोठेपणी येतो, हे अण्णांनी त्यांना वर्गात शिकवावं तसं पुन्हा पुन्हा समजावलं. काका ढ विद्यार्थ्यासारखे ऐकत राहिले.

त्या संध्याकाळी मी काकूंकडे पपई द्यायला गेले. त्या मेथी निवडत होत्या. काकांना साधा तांबट बारा दिवस ओळखू आला नाही, असं मी हसत म्हटलं.

"त्यांना नाय ओळखू येत?" काकू म्हणाल्या. "गंगापूरला आमच्या दारातच तांबटाची पिल्लं निघायची. पहिल्याच दिवशी घरात येऊन मला नाव सांगितलं त्यांनी."

काकूंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"आमचा लेक संजू गेला तवा हे पण असेच बसले होते. लोक लई यायचे. धीर धरा म्हणायचे, जायचे. हे अजून बोलून दाखवतात, एकानं जरी म्हणलं असतं ना, कदम, उठा, तुमच्यावाचून अडलंय."

घरी येऊन मी अण्णांना यातलं काही सांगितलं नाही. पिल्लू आठवडाभरात उडून गेलं. सकाळच्या खुर्च्या अजून पडतात, आणि मी दोन कप चहा न मागता बाहेर नेऊन ठेवते. परवा पैठणहून आत्याचा फोन आला. भेटायला सकाळीच येऊ का, असं ती विचारत होती.

"सकाळी नको," अण्णा म्हणाले. "सकाळी मला वेळ नसतो."