लाईट गेल्यावरचा दवाखाना

"लाईट गेली! चला, दवाखान्यात!" शेजारच्या तात्यांनी दारातून पहिल्यांदा अशी हाक मारली, तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला शॉक बसला. घाईत बायकोच्या चपला पायात अडकवून मी मोटारसायकल काढली. वस्तीपासून कळस गावापर्यंत मागं बसलेले तात्या दिसेल त्याला रामराम घालत होते. शॉक बसलेला माणूस इतका खुशीत नसतो, हे माझ्या डोक्यात दवाखान्याच्या पायरीवर शिरलं.

दुखत होता फक्त गुडघा. तोही गेल्या वर्षापासून.

"मग लाईट असताना यायचं की, तात्या!"

"लाईट असली की डॉक्टर कॉम्प्युटरकडं बघतो. नाव इचारतो तिकडं बघून, दुखतंय कुठं इचारतो तिकडं बघून. मग मी आलोय कुणाला दाखवायला?"

खरंच होतं. लाईट गेली की आमचे तरुण डॉक्टर खुर्ची घेऊन व्हरांड्यात यायचे, गुडघा दाबून बघायचे. जेवण कोण करतं, पुण्याहून मुलाचा फोन येतो का, असं विचारायचे. तात्या उत्तरं लांबवायचे. काकी गेल्यापासून त्यांना एवढं विचारणारं घरात कोणी नव्हतं.

उसाला पाणी देऊन देऊन लाईट कुठल्या वारी कधी जाते हे त्यांना तोंडपाठ. गाव तेव्हा शिव्या घालायचं; तात्या इस्त्रीचा सदरा घालायचे.

मग दवाखान्यात इन्व्हर्टर बसला. तात्या नटून गेले ते लगेच चिठ्ठी घेऊन परत.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"गोळ्या त्याच. मान काय वर केली न्हाय."

त्यानंतर ते गेलेच नाहीत. काल दुपारी ओट्यावर एकटेच बसले होते.

"तात्या, लाईट गेली," मी म्हणालो.

"जाऊ दे."

बायको कणीक मळत होती. तिनं हात धुतले, पलीकडं गेली आणि तात्यांच्या समोर पायरीवर बसली.

"तात्या, पाय हिकडं करा. कुठं दुखतंय?"

"हितं. न्हाय, जरा खाली. थांब पोरी, पयल्यापास्नं सांगतो."

लाईट आली, आमच्या घरातला पंखा फिरायला लागला, तरी तात्यांचं सांगणं चालूच होतं.

बऱ्याच वेळानं बायको परतली. मी विचारलं, "काय झालंय गुडघ्याला?"

"काय न्हाय," ती परातीकडं वळत म्हणाली. "पण उद्या परत बघावा लागंल."